पदराच्या गाठीतली चावी

आम्ही नवराबायकोनी मिळून शेवटचं केलं ते एवढंच, की महाडच्या बाजारातनं सुकट आणि सोडे आणले. मी गाडी अंगणात लावली, पिशव्या उचलल्या. ती ओटीवर चढली आणि मागं न बघताच पदराच्या गाठीतली चावी दाबली. गाडी कुक् कुक् बोलली.

"काच वरपर्यंत लावलीत काय?"

"लावली गो."

लावलेली नव्हती. पिशव्या खाली ठेवून परत गेलो आणि लावली. पहाटे ती चुलीपुढं बसल्या बसल्या गेली. आजारबिजार काही नाही.

गाडी जुनीच होती, मुलानं मुंबईतनं घेऊन दिलेली. तिच्याबरोबर दोन चाव्या आल्या, बटणाच्या. दूरनं दाबलं की दारं उघडतात, मिटतात. मी म्हटलं, तुला कशाला, तू काय चालवणार हायस? ती म्हणाली, "चालवा तुम्ही. कुलूप माझं." घरातली सगळी कुलपं तिचीच होती, त्यात हे एक वाढलं. चावी पदराच्या टोकाला बांधली ती कायमची. साडी बदलली की गाठ त्या साडीला.

तिचं माहेर आंबेनळीच्या बाजूला, डोंगरातली वाडी. सात घरं. तिथंही ती खाली उतरली की पहिली चावी दाबायची. मी म्हणायचो, "हितं कोण चोरणार? माकडं?"

"माकडाचं काय सांगता येतं? तुम्ही शिकलात नाय गाडी?"

एकदा पाचाडला जेवायला थांबलो होतो. भाकरी करपलेली होती म्हणून मी हॉटेलवाल्याशी भांडलो. तिला लाज वाटली. मी तणतणत गाडीत जाऊन बसलो तर हिनं बाहेरनं बटण दाबलं. काचेतनं म्हणते, "बसा. डोकं थंड झालं की उघडीन." आतनंही दार उघडतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाव तास बसलो. ती समोरच्या बाकड्यावर माझ्या वाटणीची भाकरी खात होती. करपलेली.

ती गेली तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घातली, नवी साडी नेसवली. अंगावरची साडी आणि अंथरूण यांचं गाठोडं बांधलं. आमच्यात मेलेल्या माणसाचे अंगावरचे कपडे उलगडत नाहीत, चाचपत नाहीत. दहाव्याला ते गाठोडं सावित्रीत सोडलं. माझ्या हातानं सोडलं. पाणी जोरात होतं, लगेच गेलं. तेराव्यानंतर मुलगा जायला निघाला आणि म्हणाला, "बाबा, आईकडची चावी नीट ठेवा." तेव्हा मला कळलं मी काय सोडलं ते.

 

मग राहिली माझी एक. पुढं मी माझे कपडे धुवायला लागलो. खिसे बघायचं काम तिचं होतं, मी सदरा तसाच साबणाच्या बादलीत टाकला. सकाळी चावी त्यात सापडली. गाडी सुरू व्हायची, पण बटणं मेली. दार चावी घालून उघडायला लागलं. हीही गेली तर गाडी अंगणात कोंबड्या बसवायला, म्हणून महाडला चावीवाल्याकडं गेलो.

चाळिशीचा माणूस, स्टँडजवळ टपरी. त्यानं स्टेअरिंगखाली वायर जोडली, मशीन मांडीवर घेतलं.

"चाव्या एकूण किती, बाबा?"

"दोन. ही एक."

"दुसरी आणा. गाडीला नवी ओळखायला शिकवताना मशीन सगळ्या एकदम मागतं. जी समोर नसते तिला गाडी विसरते."

"दुसरी नदीत गेली."

"मग बरंच. कुणाच्या हाती लागली तरी गाडी उघडायला नको. काढून टाकतो."

"नको काढू."

तो हसला. "अहो, नदीतली चावी काय गाडीला हाक मारणार हाय?"

"नको म्हटलं ना तुला. तिला राहू दे, नवी वर चढव."

"होत नाय तसं या गाडीत."

"मग तुझं मशीन भंगारात घाल," असं म्हणून मी वायर ओढून काढली. चूक माझी होती. तो बिचारा बघत राहिला. "कुणाची होती?" त्यानं विचारलं. मी गाडी सुरू केली.

नाते गावी पाहुण्यांकडं जायचं होतं, तेही राहू दिलं. सरळ घरी आलो. रेशनकार्डातनं तिचं नाव कमी केलं तेव्हा मी मुकाट्यानं सही केली होती. बँकेतही केली. तिथं काही वाटलं नाही, ते कागद साहेबांचे. गाडी मात्र तिनं दाबलं की बोलायची. माझ्यापेक्षा जास्त तिचं ऐकायची. त्या गाडीनं तिला विसरायचं आणि तेही मी सांगून?

संध्याकाळी ओटीवर बसून गाडीकडं बघत होतो. रागाच्या भरात दाराला चावी लावायचीच राहिली होती. काचही अर्धी खाली. कोंबडी आत शिरून पुढच्या सीटवर बसली होती. बायको असती तर तिनं कोंबडीला नाही, मला हाकललं असतं. "गाडी उघडी टाकून बसलाय, आणि म्हणं माझ्यासाठी!" अगदी असंच बोलली असती. तिला कुलूप लागलेलं हवं असायचं. कुणाच्या चावीनं लागलं, याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. कोंबडी हाकलली, सीट पुसली. बायकोला आठवायचं म्हणून तिचं कुलूप उघडं टाकायचं, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच निघालो. टपरी उघडायच्या आधी जाऊन बसलो. चावीवाला आला, माझ्याकडं बघितलं, काही न विचारता वायर जोडली.

"काल तुझ्यावर ओरडलो," मी म्हणालो. "बायकोची होती."

त्यानं मान हलवली. मशीनवर कायकाय दाबलं आणि बोट उचललं.

"थांब. तिची काढायला कुठं दाबायचं ते मला दाखव."

त्यानं पडद्यावरचा हिरवा चौकोन दाखवला. माझं बोट जाड, शेतात राठ झालेलं. पहिल्यांदा मशीनला कळलंच नाही.

"जरा दाबून धरा, बाबा."

दाबून धरलं.