एका चिठ्ठीचं मतदान: कॅरी ते वॉशिंग्टन

मामादू माझ्या टीममधला, पश्चिम आफ्रिकेतला. देशाचं नाव लिहू नकोस म्हणाला, म्हणून लिहीत नाही. तिथे एकच पक्ष आहे, आणि तरी संसदेची निवडणूक होते. इकडे राहणाऱ्यांचं मतदान वॉशिंग्टनच्या दूतावासात. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती. मी म्हटलं, चल, मी सोडतो.

"आपण व्हिसावर आहोत यार, नको त्या भानगडी," बायको मीनल म्हणाली. मी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी सहाला आमच्या गावाहून, कॅरीहून निघालो. साडेचार तासांचा रस्ता, रिचमंडनंतर ट्रॅफिक. शाकाहारी असाल तर डबा घ्याच, हायवेवर फ्राइजशिवाय काही मिळत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या खाता खाता मामादूने पद्धत सांगितली. प्रत्येकाला एक पाकीट आणि पक्षाची एक हिरवी चिठ्ठी देतात. पक्ष मान्य असेल तर चिठ्ठी पाकिटात घालायची. नसेल तर पाकीट रिकामं टाकायचं.

"मी रिकामंच टाकणार," तो म्हणाला. सरकारविरुद्ध बोलला म्हणून त्याचा भाऊ दोन वर्षं तुरुंगात आहे. गावी आई आजारी, आणि याचा नूतनीकरणाला दिलेला पासपोर्ट आठ महिने दूतावासात अडकलेला.

तिथलं पार्किंग परवडत नाही, गाडी लांबच्या मेट्रो स्टेशनवर लावा. मला आत सोडलं नाही. तासाभराने मामादू बाहेर आला. बोटाला शाई, हातात नवा पासपोर्ट.

"आत कचऱ्याची टोपलीच नव्हती," तो म्हणाला. "दारातला माणूस प्रत्येकाचे खिसे बघत होता. उरलेली चिठ्ठी लपवणार कुठे? आणि पासपोर्टचा गठ्ठा त्याच्याच टेबलावर. घातली मग पाकिटात."

"चला, काम तर झालं," मी म्हणालो. इतकं मूर्खासारखं मी क्वचितच बोललो असेन.

वॉशिंग्टनच्या पांढऱ्या इमारती मी केव्हाच विसरलो. दुसऱ्या दिवशीचा फोन मात्र विसरता येत नाही. कॅरीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, लंचच्या वेळी त्याने पासपोर्टची बातमी द्यायला आईला फोन लावला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. फोन ठेवल्यावर त्याने मला सांगितलं.

"आई शेजारणीचा हात धरून मतदानाला गेली. पाकीट रिकामं टाकलं आणि चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवून आली. मला विचारलं, तू काय केलंस?"

"मग?"

"म्हटलं, मीही तेच केलं. आता पुढच्या महिन्यात गावी तिच्यासमोर बसून हे पुन्हा सांगावं लागेल."