मागचं झाकण

"उघडून तं पाहू," एवढं म्हणून तो कानामागचा स्क्रू-ड्रायव्हर काढायचा. पुलगावजवळच्या आमच्या खेड्यात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त केलेल्या रेडिओचं मागचं झाकण तो कधी बसवून देत नसे. कागदात गुंडाळून वेगळं देई. "पुन्हा उघडाच लागते ना, गुरुजी." गावातले सगळे रेडिओ उघड्या पाठीनं बातम्या सांगत.

सत्तरचं दशक सरता सरता पंचायतीनं विहिरीवर कंपनीचा पंप बसवला. हार, फीत, तीन भाषणं. असे समारंभ तुम्हीही सोसले असतील. पंपाचे बोल्ट तिकोनी, गावातला एकही पाना न लागणारे. वर तारेत ओवलेलं शिशाचं सील. ते तुटलं की गॅरंटी संपली. कंपनीचा माणूस हे अशा सुरात सांगत होता, जणू विहीरही त्यांनीच खणली होती.

पण खरं सांगायचं तर पंप तीन वर्षं कुरकुरला नाही. "मशीन चांगली हाय," रेडिओवालाच म्हणाला. "बनवणाऱ्यानं जीव लावला. पण मले हात काऊन लावू देत नाई?"

दसऱ्याला गावातलं प्रत्येक यंत्र उघडून, पुसून, तेल देऊन पुजलं जाई. हा पंप उघडता येईना, म्हणून सरपंचांनी सीलचीच पूजा केली. हळदकुंकू, आणि वर फोडलेल्या नारळाचं पाणी. असे तीन दसरे झाले.

चैत्रात पंप पाणी ओढेना. शाळामास्तर म्हणून कंपनीला इंग्रजी पत्रं मीच लिहिली. अकरा दिवस बाया शेतातल्या विहिरींवरून पाण्यानं भरलेले गुंड वाहत होत्या आणि आम्ही शहाणे सीलची राखण करत होतो. रेडिओवाला रोज विचारी, "उघडू का?" सरपंच रोज नाही म्हणत.

बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला, वाकला आणि हात झटकून उभा राहिला. सीलची तार नारळपाण्यानं गंजून तुटली होती. "कुणीतरी उघडलंय. गॅरंटी रद्द," म्हणाला आणि जीपकडे निघाला. सगळे रेडिओवाल्याकडे पाहू लागले.

"मी नाई उघडली," तो शांतपणे म्हणाला. "आता उघडतो."

तिकोनी पाना त्यानं कधीचाच घासून ठेवला होता. आत रबराचा एक वायसर फाटला होता. सायकलच्या ट्यूबमधून त्यानं दुसरा कापला. दुपारी नळाला पाणी आलं.

गॅरंटी कशी गेली, हे मात्र तालुक्याला कळवायचं होतं. नारळाचं नाव कोण लिहिणार? पंचायतीचा ठराव माझ्या अक्षरात आहे: सील यानंच तोडलं, यापुढे यानं गावाच्या यंत्राला हात लावू नये. त्यानंच आणलेलं पाणी पिऊन मी सही केली. माझी मला अजून किळस येते.

महिन्याभरानं त्यानं माझा दुरुस्तीला दिलेला रेडिओ घरी आणून दिला. बसा म्हटलं, बसला नाही. त्याच आठवड्यात दुकान उचलून हिंगणघाटला भावाकडे निघून गेला.

नंतर मी रेडिओ फिरवून पाहिला. मागचं झाकण बसवलेलं होतं. चारही स्क्रू गच्च आवळून.