आखणीआधीची माती

ब्रश उचलला की म्हातारा श्वास रोखायचा, आणि त्याच्याबरोबर आम्हीही. हमरापूरच्या त्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू असताना कोणी बोलायचं नाही. मोबाइल बंद, खोकलासुद्धा गिळायचा. दोन्ही बुबुळं झाली की तो श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "आता जग सुरू."

अष्टमी गावात माझं दुकान आहे. दर वर्षी मूर्ती त्याच्याकडूनच आणायचो, कारण त्याच्या हातच्या डोळ्यांना तोड नव्हती. तशी त्याच्या जिभेलाही नव्हती.

त्याचं म्हणणं असं की देवाने डोळे उघडले तेव्हा जागा तयार झाली आणि त्या पहिल्या नजरेबरोबर काळ चालू झाला. त्याआधी 'कुठे' नाही आणि 'केव्हा'ही नाही. त्याचा मुलगा धाटावला कंपनीत लॅबमध्ये होता. तो सांगायचा, सगळं एका स्फोटातून झालं. म्हातारा विचारायचा, स्फोट व्हायला जागा कोणाच्या बापाची होती? मुलगा म्हणायचा, जागासुद्धा त्यातूनच झाली. "मग माझंच बोलतोस की," म्हातारा म्हणायचा, "फक्त पगार घेऊन." आम्ही पोट धरधरून हसायचो.

एकदा माझा धक्का लागून एक बिनडोळ्यांची मूर्ती फुटली. मी पांढराफटक पडलो. "घाबरू नका, अजून कोणी नाय तो," असं म्हणत त्याने तुकडे शाडूच्या पिंपात टाकले. आखणीआधी माती, परत मळायची. आखणीनंतर देव, तडा गेला तरी पाण्यातच सोडायचा. हा कारखान्याचा नियम होता आणि मला तो तेव्हा फार शहाणपणाचा वाटला.

मग त्याच्या सुनेचं बाळ पोटातच गेलं. दिवस भरत आले होते. तिला त्याचं नाव ठेवायचं होतं, बाकी काही नको होतं. आपल्या घरात एक जण येऊन गेला, एवढं सगळ्यांनी म्हणावं. मी मूर्ती ठरवायला गेलो तेव्हा ती कोपऱ्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारत बसली होती आणि मारता मारता रडत होती. म्हातारा ब्रश धूत म्हणाला, "डोळेच उघडले नाय त्याने. त्याचा काळ सुरूच झाला नाय. मग गेला कोण गो?" एरवी वाद घालणारा तिचा नवरा मूर्ती फळीवर लावत राहिला.

पुढे म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला. पेणला डॉक्टरकडे जाईना. डोळ्यांचं काय, माझा हातच बघतो, म्हणायचा. फळीवर ओळीने मूर्ती मांडायच्या आणि तो एकेकीचं कपाळ चाचपून अंदाजाने आखणी करत सरकायचा. मी माल भरायला गेलो होतो त्या दिवशी सुनेने त्या ओळीत एक वीतभर मूर्ती ठेवली. तिला सोंड नव्हती. मुठी आवळलेलं बाळ होतं ते. म्हाताऱ्याने कपाळ चाचपलं, श्वास रोखला, दोन डोळे काढले आणि म्हणाला, "आता जग सुरू."

सून पुढे आली. "आबा, आता नाव ठेवू त्याचं?"

त्याने बोटांनी सोंड शोधली. मग त्याला कळलं. कारखान्यात नियम माहीत नाही असं कोणीच नव्हतं, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने ओलं फडकं घेतलं, न वाळलेले डोळे एका फटक्यात पुसले आणि बाळ पिंपात टाकून वरून मुठीने दाबलं. मग पुढच्या मूर्तीचं कपाळ चाचपायला लागला. त्या दिवशीचे त्याचे गणपती इतके मायाळू बघत होते की मला ते दुकानात मांडवेनात.

तो गेला तेव्हा मी मातीला गेलो. अंगणात ठेवला होता. डोळे अर्धवट उघडे राहिलेले, काही केल्या मिटेनात. ते बघून शेजारीण मागे सरली. सून आत कारखान्यात गेली आणि ओलं फडकं घेऊन आली. कपाळावरून खाली एकदाच फिरवलं आणि पापण्या मिटेपर्यंत दाबून धरलं. मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

"घाबरू नका," ती शेजारणीला म्हणाली. "आता कोणी नाय तो."