सावडीतला बैल

माझ्याकडं एक बैल होता, दिराकडं एक. घरं वेगळी झाली तरी औत एकच होतं. आधी त्याच्या रानात कुळवाची पाळी घालायची, मग माझ्या. याला आमच्याकडं सावड म्हणतात. भांडण झालं की आम्ही बोलत नसू, पण बैल एकाच जुवाखाली चालत.

नवरा गेल्यावर मी माझा बैल विकला. कडबा महागला होता आणि गावात ट्रॅक्टर आला होता. सकाळी फोन केला की ट्रॅक्टरवाला दुपारी यायचा आणि माझं सव्वा एकर घटकाभरात उरकून द्यायचा. चार दिवसांच्या कामासाठी वर्षभर बैल कशाला पोसायचा, असं मला वाटलं. दिराला विचारलं नाही. एकटा बैल औताला चालत नाही, म्हणून महिनाभरात त्यालाही त्याचा विकावा लागला. बाजारातून परत आल्यावर तो म्हणाला, "वयनी, माझा बैल बी तुमीच इकला."

गावातले बैल असेच एकेक करून गेले. बैल संपले तसं ट्रॅक्टरचं भाडं चढलं. पुढं नियमच निघाला, रान दोन एकरांच्या आत असलं तरी भाडं दोन एकरांचं.

यंदा पाऊस झाला, रानाला वापसा आला. पाय रुतत नाही आणि ओलही उडालेली नसते, असे पेरणीचे तीन-चारच दिवस मिळतात. मी रोज फोन करत होते. "मोठी रानं उरकू द्या मावशी, येतो." चौथ्या दिवशी तो आला. खालीसुद्धा उतरला नाही.

"दोन एकराचे द्यावे लागतील."

"रान सव्वा एकर हाय. बाकीचं काय आभाळात पेरतूस?"

"वळायलाच डिझेल जातंय मावशी. मधला बांध काढा, दोघांचं एकच रान धरतो. भाडं वाटून घ्या."

दीर पलीकडंच, त्याच्या तेवढ्याच रानात उभा होता. मी म्हटलं, "भावजी, बांध काढू. पेरणी झाली की पुन्हा घालू."

"बैल इकताना मला इचारलं व्हतं का?"

"न्हाई इचारलं. चुकलं माझं."

"मग बांध ऱ्हाऊ द्या. उद्या बांध कुठं व्हता, ते बी तुमीच सांगताल."

त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. त्यानं पोराच्या पगारातून पूर्ण भाडं भरलं आणि पेरून घेतलं. मी भाडं दिलं असतं तर बियाण्याला काही उरलं नसतं. ट्रॅक्टर माझ्या बांधावरून परत गेला.

दोन दिवस मी वाकून एकेक दाणा मातीत खोचत हातानं सोयाबीन टोकलं. तिसऱ्या दिवशी गुडघा वाकेना आणि संध्याकाळी पाऊस लागला. टोकलेलं उगवलं, पण तणानं दाबलं. बाकीचं रान पडीक राहिलं.

दिवाळीच्या आधी ट्रॅक्टरवाला घरी आला. ओसरीवर बसून चहा प्याला. म्हणाला, "मावशी, रान मला ठोक्यानं द्या. वर्षाचे ठरवून पैसे देतो, तुमी निवांत बसा." त्यानं जो आकडा सांगितला, त्यावर मी हो म्हटलं. घासाघीस करायला माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याचा ट्रॅक्टर माझ्या रानात होता. आता तो दिराच्या रानाचंही विचारतोय. दीर नाही म्हणतो. पोराची नोकरी आहे तोवर म्हणेल.