भिंतीतलं हिरवं दार

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिचं, म्हणून गल्लीत तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. बाई एकदम रोखठोक. कुणी भुताखेतांचं काही सांगायला लागलं की म्हणायची, "आधी नंबर तपासून घ्या." तिची लेक दोन वर्षांची. जमिनीवरचा कण न् कण शोधून तोंडात घालायची, त्यामुळे तिचं नाव पडलं मुंगी.

मुंगीला मॉन्टेसरीच्या छोट्या वर्गात घालायचं ठरलं. तिथे मूल एकटं सोडत नसत. घरच्या कुणीतरी शेजारी बसायचं, बघायचं, पण मधेमधे लुडबुड करायची नाही. प्रवेश घ्यायला गेल्यावर वर्गाच्या ताई दोघींना आत घेऊन गेल्या. बुटकी कपाटं, गुंडाळलेल्या चटया, ट्रेमध्ये पाण्याचे दोन चिमुकले जग. मुंगीनं चटई ओढली आणि या जगातलं पाणी त्या जगात ओतायला बसली. निम्मं पाणी चटईवर, पण चेहरा एखाद्या साहेबासारखा.

चष्मेवालीला हसू आलं. मग तिची नजर खिडकीशेजारच्या भिंतीवर गेली.

"ताई, इथलं दार का हो बुजवलंत?"

"कुठलं दार?"

"हे काय, हिरवं होतं. खालची फळी कुजलेली. पलीकडे पायऱ्या उतरल्या की पाण्याची टाकी."

सहज बोलून गेली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चमकली. या इमारतीत ती जन्मात पहिल्यांदा येत होती.

ताईंनी कपाट सरकवलं आणि भिंतीवर ठोकून पाहिलं. सगळीकडे भरीव आवाज, मधे मात्र पोकळ. वरपासून खालपर्यंत, बरोबर दाराएवढा पट्टा.

"आम्ही जागा घेतली तेव्हा भिंत अशीच होती," ताई म्हणाल्या.

मुंगीचं पाणी ओतणं थांबलं होतं. कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी मान कलती करून ती भिंतीकडे बघत होती.

चष्मेवालीनं तिला उचललं आणि तडक आईचं घर गाठलं. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, कामावर जाताना मला कुठे ठेवायचीस गं?"

"कुठेच नाही. बरोबर न्यायचे. क्षणभर नजरेआड केलं नाही तुला."

"मग मुंगीच्या नव्या वर्गातलं ते बुजवलेलं हिरवं दार मला कसं ठाऊक? त्यामागची टाकी?"

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही."

आई पलंगावर टेकली. "पाळणाघर होतं तिथे. तू जन्मलीही नव्हतीस. तुझ्याआधी एक होती मला, मुंगीएवढी. सकाळी दारातच घ्यायचे तिला, मला आत येऊ द्यायचे नाहीत. एक दिवस मागच्या दाराची कडी लावायची राहून गेली."

चष्मेवाली कोरड्या फरशीवर उभी होती, तरी तिच्या तळव्यांना ओल्या पायऱ्यांचा गारठा लागत होता.

"मी नाही घालायची मुंगीला तिथे," ती कशीबशी म्हणाली. "दुसरीकडे बघते."

आईनं डोळे पुसले. "आता आईला आत बसू देतात, म्हणालीस ना?"

"बसावंच लागतं."

"मग तिथेच घाल. मी बसेन."

दुकानामुळे चष्मेवालीला रोज जमणारं नव्हतंच. आजीच नातीला घेऊन जाऊ लागली. ताईंनी दिलेली खुर्ची तिनं नाकारली आणि त्या भिंतीला पाठ लावून खाली बसली. मुंगी रोज चटई तिच्यासमोरच पसरायची. म्हातारीची झोप सुधारली, ती चार घास नीट जेवू लागली.

एकदा चष्मेवाली त्यांना न्यायला गेली. मुंगी पाणी ओतत होती. आता थेंबही सांडत नव्हता. तिच्याकडे बघता बघता आजीच्या तोंडून एक हाक निघाली. मुंगीचं नाव नव्हतं ते. चष्मेवालीच्या जन्मापासून घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

"ओ," मुंगी म्हणाली. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

आजी थिजली. मग तिनं हात पुढे करून पोरीच्या पाठीवर ठेवला आणि वर्ग संपेपर्यंत काढला नाही. चष्मेवाली दाराशीच उभी राहिली. तिनं कुणाला काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.