उंबऱ्यावर अडलेला गुडघा

"डॉक्टर, तुमचा गुडघा फेल गेला," गणपत खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला.

गुडघा खरं तर त्याच्या आईचा, गंगूबाईंचा. काही आठवड्यांपूर्वी मी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट केलं होतं, म्हणजे झिजलेला सांधा काढून नवा बसवला होता. आता म्हणे त्या घराबाहेर पडतच नाहीत. दारापर्यंत येतात आणि मागं फिरतात. आजही त्यानं त्यांना उचलूनच रिक्षात घातलं होतं.

"परत खोला. न्हाईतर पुण्याला नेतो."

मी बाईंना चालायला लावलं. व्हरांड्यात झकास चालल्या. जिन्याच्या पायऱ्याही चढल्या, उतरल्या. एक्स-रे उत्तम, रक्तात इन्फेक्शन नाही. मी चक्रावलो. धडधाकट सांधा कशासाठी उघडू? आणि असंच बसू दिलं तर तो आखडणार.

"मावशी, दुखतंय?"

"न्हाय की."

"मग घरी का चालत नाही?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. माझी चिडचिड झाली. दुखत नाही, चालता येतं, मग अडतंय कुठं?

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ चालत जाऊन तपासावा लागतो, हे बघत मी होटगीत वाढलो. पेशंटही मी आधी चालताना बघतो, एक्स-रेची फिल्म नंतर. यांना घरी चालताना बघायचं राहिलं होतं. त्याही होटगीच्याच. रविवारी गेलो.

घराला एक उंच पायरी, वर उंबरा. आत दिवस भरत आलेली सून.

"चला मावशी, अंगणात जाऊ."

त्या दाराशी येऊन थबकल्या.

"पडायची भीती वाटते?"

"जायाचं काय न्हाय हो. परत आत यायचं कसं?"

माझ्या डोक्यात काही शिरेना. मग त्यांनीच फोड केली. आम्ही शिकवतो, चढताना चांगला पाय आधी. त्यांचा चांगला पाय डावा.

"सून अशी अवघडलेली, आन् मी घरात डावा पाय घालू व्हय? तुमचंबी मोडवत न्हाय, घराचंबी मोडवत न्हाय. म्हून बसून हाय."

"दवाखान्यात तर डावाच टाकत होता की!"

"दवाखाना काय माझं घर हाय?"

गणपत फिस्सकन हसला. "हसू नकोस," मी म्हणालो. "तू हसशील म्हणूनच गप्प होत्या."

अंगणात शहाबादी फरशीचे जाड तुकडे पडले होते. पायरीवर दोन पक्के रचून घेतले, तिथली उंची उंबऱ्याच्या जवळपास आली आणि चढण बाहेरच संपली. डावा पाय त्या फरशीवर, हात चौकटीला, उजवा थेट घरात. गंगूबाई बाहेर गेल्या, आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. सुनेनं डोळे पुसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चहा घेताना बाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, येताना तुमी डावा टाकला हं. बगितलं मी."

मी कप खाली ठेवला, बाहेर गेलो आणि उजवा पाय टाकून आत आलो.

आता गुडघ्याच्या प्रत्येक पेशंटला डिस्चार्ज देताना मी विचारतो, घरात शिरताना कुठला पाय आधी टाकता? एक्स-रेत उंबरा येत नाही.