आमच्या फॅमिली व्हिलातले बॅचलर

खालच्या बिऱ्हाडात राहायला आलेली माणसं फॅमिली नाहीत, असा संशय मला पहिल्याच आठवड्यात आला. दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातला आमचा व्हिला मुळात एका कुटुंबासाठी बांधलेला. मालकाने आत जिप्समच्या भिंती घालून त्याची पाच बिऱ्हाडं केली होती. वर्ल्ड कपची तयारी जोरात होती, विमानं भरभरून माणसं येत होती आणि भाडी चढत होती. आम्हाला परवडणारं घर हेच एक. नवरा हमद नावाच्या बंदरात नोकरीला, मुलगी चौथीत, आणि शाळेची बस थेट दारात यायची.

फॅमिली एरियात बॅचलरना राहायला बंदी होती. तिकडे बॅचलर म्हणजे बायकोमुलं सोबत नसलेला कुठलाही पुरुष, मग गावी त्याला चार लेकरं का असेनात. असे कुणी सापडले तर नगरपालिकेचे लोक सगळा व्हिलाच रिकामा करायला लावतात, असं जो तो सांगायचा. तसं झालं असतं तर मी आणि मुलगी नाशिकला आणि हे तिथे एकटे, दुसरा मार्गच नव्हता. मला त्याची फार भीती वाटायची.

खालच्यांनी दोरीवर लहान मुलीचा गुलाबी फ्रॉक वाळत घातला होता. सोमवारी तोच, गुरुवारीही तोच. चिमटेसुद्धा हललेले नाहीत. ज्या घरात मूल आहे तिथे कपडे किती मळतात, हे मला कुणी शिकवायला नको. मी गॅलरीतून वाकून बघायचे आणि मुलगी चिडायची, "आई, स्टॉप इट! दे कॅन सी यू."

"दिसू दे," मी म्हणायचे.

नवऱ्याच्या कानावर घातलं, तर हे म्हणाले, "रत्नागिरीकडचे आहेत गं. साधी माणसं आहेत."

"बायका कुठायत त्यांच्या?"

"ते मी कसं विचारणार? तुझं काय जातंय?"

"माझं घर जातंय!"

शेवटी मी वॉचमनला गाठलं. "नीचे फॅमिली है ना?"

"है मॅडम. आयेगी, इन्शाल्ला."

आहे की येणार आहे? माझं डोकंच फिरलं. याने पैसे खाल्लेत, याबद्दल मला शंका उरली नाही. पुढे एकदा खालच्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ जिन्यात भेटले. "वयनी, वर पानी येतंय नं?" त्यांनी विचारलं. इतक्या गोडीने चौकशी करतात म्हणजे काहीतरी हवं असणार, म्हणून मी नुसती मान हलवली.

नगरपालिकेचं कुणी आलंच नाही. आला तो मालकाचा माणूस, एका सकाळी, प्रत्येकाच्या दारात. मालकाने अख्खा व्हिला एका कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. स्टेडियमच्या कामावरच्या साहेबांना तो राहायला हवा होता. भिंती पाडणार, महिन्याभरात खाली करा, खलास. मी महिनोन्‌महिने खाली डोळा ठेवून बसले आणि घर गेलं ते भलतीकडूनच. मला मालकाचा इतका संताप आला की दोन दिवस जेवण गेलं नाही.

आम्ही पार अल दुहैलपर्यंत घरं पाहिली. बरं होतं ते आवाक्याबाहेर, आणि आवाक्यातल्या घरात मुलीला ठेवायची हिंमत होईना. शेवटी शाळेचं वर्ष अर्धवट टाकून आम्ही दोघी नाशिकला आलो. खालच्या माणसांनी दूर कुठेतरी एक खोली शोधली होती, त्यात यांनाही एक कॉट मिळाली. मला ते काही बरं वाटलं नाही. फारशी ओळख नसताना इतक्या चटकन जागा कोण देतं? "पाकीट उशाखाली ठेवता ना?" मी फोनवर रोज विचारायचे. हे हसायचे.

एका शुक्रवारी हे फोनवर नीट बोलेनात. मुलीला बूट घ्यायला मॉलमध्ये गेले होते. फॅमिली डे होता, म्हणजे एकट्या पुरुषांना आत बंदी, त्यामुळे दारातच सिक्युरिटीने अडवलं.

"सांगायचं ना त्याला," मी म्हटलं.

"सांगितलं. म्हटलं, मी फॅमिलीवाला आहे."

"मग?"

"तो माझ्या मागे बघायला लागला. म्हणाला, कहाँ है?"